'ओन्ली'च्या पोटातला नकार

चेकवर अक्षरी रक्कम लिहून झाली तरी हात थांबत नाही. 'फाइव्ह थाउजंड'च्या पुढे 'ओन्ली' लिहायचं, त्यापुढे एक आडवी रेघ ओढायची आणि मगच पेन खाली ठेवायचं. मराठीत चेक लिहिणारे 'पाच हजार रुपये फक्त' लिहितात, हिंदीत 'मात्र' लिहितात. रक्कम तर आधीच पूर्ण झालेली असते. 'ओन्ली'मुळे तिच्यात पैची भर पडत नाही की घट होत नाही. तरीही तो शब्द तिथे हवाच असतो, कारण तो रकमेविषयी बोलतच नाही. तो बोलतो रकमेपुढच्या कोऱ्या जागेविषयी. कुंपण शेतात काही पिकवत नाही, पण शेत कुठे संपतं ते सांगतं, तसं हे काम आहे. आपल्या 'फक्त'चा इतिहासही याला साजेसा आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि उर्दू पत्रांत मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी 'फ़कत' लिहिण्याची रीत होती.

शाळेत 'ओन्ली म्हणजे फक्त' एवढं शिकून आपण पुढे जातो. इंग्रजीतले लांबलचक, भारदस्त शब्द आपण शब्दकोशात शोधतो, वहीत उतरवून घेतो. हा चार अक्षरांचा साधा शब्द मात्र कुणी उलगडून पाहत नाही. माझ्या मते इंग्रजीतल्या छोट्या शब्दांत इतका खोल शब्द दुसरा क्वचितच असेल.

'ओन्ली रमा केम.' रमाच आली. या तीन शब्दांच्या वाक्यात दोन विधानं आहेत. रमा आली, हे एक. दुसरं कुणी आलं नाही, हे दुसरं. पण दोघांचा दर्जा सारखा नाही, आणि ते वाक्य नाकारून पाहिलं की समजतं. 'रमाच आली असं काही नाही' असं कुणी म्हणालं, तर रमा आली हे तसंच राहतं. मोडतं ते फक्त दुसरं विधान: म्हणजे आणखीही कुणी आलं होतं. पहिली गोष्ट बोलणाऱ्याने गृहीत धरलेली असते. तो ठासून सांगत असतो ती दुसरी, आणि ती दुसरी नकारार्थी आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ साली 'ओन्ली' आणि 'ईव्हन' या दोन शब्दांवर जो निबंध लिहिला, त्यात हाच भेद मांडला आहे. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, शेरवुडचा विल्यम आणि स्पेनचा पीटर हे तर्कशास्त्री लॅटिनमधल्या अशाच शब्दांची फोड करत बसले होते: 'फक्त सॉक्रेटिस धावतो' म्हणजे सॉक्रेटिस धावतो, आणि सॉक्रेटिसवाचून दुसरं कुणी धावत नाही.

तर 'ओन्ली' वरून होकारार्थी दिसतो आणि त्याच्या पोटात 'नाही' असतं. ही नुसती तर्कशास्त्र्यांची कल्पना नाही. इंग्रजीचं व्याकरणही त्याला नकारार्थी शब्दासारखंच वागवतं. 'एव्हर' हा शब्द साध्या होकारार्थी वाक्यात चालत नाही. 'रमा एव्हर हेल्प्ड मी' हे चूक. 'नोबडी एव्हर हेल्प्ड मी' हे बरोबर. आणि 'ओन्ली रमा एव्हर हेल्प्ड मी' हेही बरोबर! 'एव्हर'ला 'ओन्ली'च्या आतला नकार ऐकू येतो, म्हणूनच तो तिथे येऊन बसतो.

याहून ठळक पुरावा शब्दक्रमाचा आहे. 'नेव्हर', 'हार्डली' यांनी वाक्य सुरू झालं की इंग्रजीत पुढचा क्रम प्रश्नासारखा उलटा होतो. 'ओन्ली'नेही तो होतो. 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.' आपली मुलं हा 'डिड' नियम म्हणून पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात, कारण तो का येतो हे त्यांना कुणी सांगत नाही. 'ओन्ली देन' म्हणजे त्याआधी नाही, तोवर मुळीच नाही. तो न उच्चारलेला नकार क्रम उलटवतो. आता हेच मराठीत कसं म्हणतो ते पाहा: 'तेव्हा कुठे मला कळलं.' इथे 'कुठे' जागा विचारत नाही. 'मी कुठे म्हटलं तसं?' म्हणजे मी म्हटलंच नाही. प्रश्नाचं रूप घेऊन नकार देणारा हा 'कुठे' नेमका त्याच जागी येतो, जिथे इंग्रजी आपलं वाक्य प्रश्नासारखं वळवते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती काढावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि ही युक्ती नेहमी वापरायची नसते, इथे खरं सौंदर्य आहे. 'ओन्ली यस्टर्डे ही वॉज लाफिंग विथ अस.' इथे क्रम उलटत नाही. कालच तर तो आमच्याबरोबर हसत होता. 'ओन्ली यस्टर्डे डिड आय हिअर द न्यूज.' इथे उलटतो. काल कुठे मला बातमी कळली. दोन्ही वाक्यांची सुरुवात त्याच दोन शब्दांनी होते. पहिल्यात काल किती जवळ आहे याची हळहळ आहे, तर दुसऱ्यात काल किती उशिरा उगवला याची खंत. पहिल्यात नकार जागा झालेला नाही, म्हणून क्रम सरळ आहे. दुसऱ्यात कालच्या आधीचे सगळे दिवस नाकारले गेले आहेत, म्हणून तो उलटा आहे. 'कालच तर' आणि 'काल कुठे' यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला हा इंग्रजी नियम पाठ करावा लागू नये.

शब्दाचं मूळ शोधायला गेलं तर 'वन' या अंकापाशी पोचतो. प्राचीन इंग्रजीतला 'आनलिच' म्हणजे एकासारखा, एकपणाचा. 'वन'च्या आरंभीचा 'व' पुढे बोलींच्या प्रभावाने आला. 'ओन्ली', 'अलोन' आणि 'अटोन' यांत मात्र तो शिरला नाही, म्हणून या तिघांत जुना स्वर अजून ऐकू येतो. 'अलोन' म्हणजे 'ऑल वन', पुरता एक. 'लोनली' हा त्याच 'अलोन'चा वंशज. एकपणाच्या याच कुळात एकाकीपण आलं आणि अद्वितीयपणही आलं. प्राचीन इंग्रजी काव्यात हा शब्द 'अनुपम', 'देखणा' अशा अर्थानेही येतो. 'बेओवुल्फ'मध्ये राणीच्या रूपासाठी तो योजला आहे. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ साली छापली गेली, तेव्हा प्रकाशकाने अर्पणपत्रिकेत एका मिस्टर डब्ल्यू. एच. यांना 'ओन्ली' हे विशेषण लावलं. ते गृहस्थ कोण होते यावर चार शतकं वाद चालू आहे. त्या विशेषणाचा अर्थ 'एकटेच' असा घ्यायचा की 'अतुलनीय' असा, हाही प्रश्न आहे, कारण त्या काळी हे दोन्ही अर्थ जिवंत होते. आज तो दुसरा अर्थ 'द वन अँड ओन्ली' या शब्दप्रयोगातच काय तो उरला आहे. आपला 'एकमेव' मात्र दोन्ही अर्थ सहज सांभाळतो, आणि त्याच्या पोटातही 'एव' आहेच: एकम् एव. त्या 'एव'पाशी थोड्या वेळाने यायचंच आहे.

आता जागेचा प्रश्न. 'ओन्ली' वाक्यात नेमका कुठे ठेवायचा, यावर इंग्रजीत अडीचशे वर्षं भांडण चालू आहे. त्यात शिरण्याआधी एक मराठी वाक्य घेऊ: मी त्याला काल शंभर रुपये उसने दिले. यात 'च' फिरवून पाहा. मीच दिले, इतरांनी हात आखडला. त्यालाच दिले, त्याच्या भावाला नाही. कालच दिले. शंभरच दिले, दोनशे नव्हे. उसनेच दिले, बक्षीस म्हणून नव्हे. आणि शेवटी: उसने दिलेच, मन मानत नव्हतं तरी दिले. 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याच्यावरच बोट ठेवतो. वाक्य कागदावर असो की तोंडात, गोंधळ होत नाही.

इंग्रजी 'ओन्ली' कुणाला चिकटत नाही. तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी जाऊन उभा राहतो आणि तिथूनच काम करतो. 'आय ओन्ली लेंट हिम हंड्रेड रुपीज.' हे वाक्य बोलताना जोर 'हिम'वर दिला तर 'त्यालाच', 'हंड्रेड'वर दिला तर 'शंभरच', 'लेंट'वर दिला तर 'उसनेच'. शब्द जागचा हलत नाही, आवाज हलतो. जे काम मराठीत अक्षर करतं ते इंग्रजीत स्वराघात करतो. पण आवाज कागदावर उतरत नाही, आणि सगळा वाद तिथून सुरू होतो.

रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात हा मुद्दा काढला. क्रियाविशेषण ज्या शब्दाला मर्यादा घालतं त्याच्या शेजारीच असावं, असा त्यांचा आग्रह. लोक 'तीन शब्द बोललो' या वाक्यात 'ओन्ली' बोलण्याच्या आधी ठेवतात, तो 'तीन'च्या आधी हवा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांच्या व्याकरणाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि शाळामास्तरांनी त्यांचा शब्द नियमासारखा डोक्यावर घेतला. १९२६ मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या वापरकोशात त्याच्या उलट बाजू घेतली. अर्थाचा गोंधळ होत नसेल तर 'ओन्ली' जिथे बोलताना नैसर्गिकपणे येतो तिथेच असू द्यावा, ही त्यांची भूमिका. जिवंत भाषेला गणितासारखी काटेकोर करू पाहणाऱ्या पंडितांवर त्यांचा खरा राग होता.

मी फाउलर यांच्या बाजूने आहे, पण मर्यादेत. पत्रात, कथेत, गप्पांत 'आय ओन्ली वाँटेड टु हेल्प' हेच इंग्रजी आहे. तिथे शब्द उचलून दुसरीकडे बसवला की वाक्य आखडतं. जिथे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येणार नाही आणि चुकीची किंमत मोठी आहे, तिथे मात्र लाउथ यांचं ऐकावं. करारनामा, औषधाच्या सूचना, नियमावली, प्रश्नपत्रिका ही ती ठिकाणं. 'द टेनंट मे ओन्ली यूज द टेरेस ऑन संडेज' या वाक्यावरून दोन वकील वर्षभर भांडू शकतील: भाडेकरू गच्ची रविवारीच वापरू शकतो, की रविवारी त्याला गच्चीखेरीज काही वापरता येत नाही? 'ओन्ली' उचलून 'ऑन संडेज'च्या आधी ठेवला की वाद मिटतो.

शाळेतल्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'लाही हेच तत्त्व लागू आहे. 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी' हे वाक्य तोललेलं आहे. 'नॉट ओन्ली' क्रियापदाच्या आधी ढकललं तर 'बट ऑल्सो'नंतरही क्रियापद यायला हवं. मराठीत आपण 'केवळ मराठीच नव्हे, तर कोकणीही' म्हणतो. दार लावायला 'केवळ' आणि 'च' असे दोघं, आणि उघडायला एकटा 'ही'. गंमत म्हणजे हाच 'ही' हिंदीत दार लावतो. हिंदीतला 'मैं ही' म्हणजे आपला 'मीच', आणि आपला 'मीही' म्हणजे त्यांचा 'मैं भी'. एकाच देशात, एकाच उच्चाराचं अव्यय, आणि अर्थ अगदी विरुद्ध.

इथून भारतीय इंग्रजीकडे वळतो, कारण या शब्दाचं सगळ्यात रसाळ प्रकरण मला तिथे दिसतं. 'आय ॲम इन पुणे ओन्ली.' 'ही इज लाइक दॅट ओन्ली.' 'आय टोल्ड यू यस्टर्डे ओन्ली.' मुंबईच्या लोकलमध्ये, बंगळूरच्या ऑफिसात, न्यू जर्सीतल्या मराठी घरात ही वाक्यं रोज कानावर पडतात. इंग्रजीचे मास्तर ती लाल शाईने खोडतात. कारण विचारलं तर उत्तर मिळतं की हे मातृभाषेतून केलेलं भाषांतर आहे, म्हणून चूक. भाषांतर आहे हे खरंच. पण नेमकं काय भाषांतरित झालं, हे नीट पाहायला हवं.

सातव्या शतकातला बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्ती याने संस्कृत 'एव' या निपाताची फोड केली. 'एव' वाक्यात कुठे येतो त्यावर त्याचं काम ठरतं, आणि ती कामं तीन. पुढे भारतीय तर्कपरंपरेत ठरून गेलेल्या त्या उदाहरणांचा मराठीत आशय असा. 'चैत्र धनुर्धरच आहे': चैत्राला धनुष्य येतं की नाही अशी शंका होती, ती दूर केली. इतर कुणी धनुर्धर नाही, असा दावा इथे नाही. 'पार्थच धनुर्धर आहे': इथे बाकी सगळे बाजूला सारले, तसा धनुर्धर दुसरा नाही. 'निळं कमळ असतंच': सगळी कमळं निळी असतात असं म्हणायचं नाही, निळं कमळ मुळी असूच शकत नाही ही कल्पना तेवढी खोडून काढायची आहे. पहिल्याला म्हणतात अयोगव्यवच्छेद, दुसऱ्याला अन्ययोगव्यवच्छेद, तिसऱ्याला अत्यंतायोगव्यवच्छेद. नावं जड आहेत, पण आत जे आहे ते आपण दिवसातून शंभरदा बोलतो. तिन्हींत काहीतरी तोडून टाकलं जातं, 'व्यवच्छेद' शब्दाचा अर्थच तो. फरक एवढाच की पहिल्यात शंका तोडली जाते, दुसऱ्यात इतर माणसं आणि तिसऱ्यात अशक्यता.

आपल्या 'च'ने ही तिन्ही कामं वारशाने घेतली आहेत. प्राकृतात 'चेअ', 'चिअ', 'च्च' अशी रूपं होती. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ती अवधारणाची, म्हणजे ठामपणा दाखवणारी अव्ययं म्हणून नोंदलेली आहेत. जुन्या मराठीत ज्ञानेश्वरांच्या काळी 'चि' होतं, त्याचा आज 'च' झाला. गुजरातीत 'ज' आहे, हिंदीत 'ही', तमिळमध्ये 'दान', कन्नड-तेलुगूत शब्दाच्या शेवटी जोडला जाणारा 'ए'. आर्य आणि द्रविड या दोन्ही कुळांतल्या कितीतरी भाषांत शब्दाच्या मागे चिकटणारं असं एक अक्षर असतं, आणि ते एकाहून अधिक कामं करतं.

इंग्रजी 'ओन्ली'कडे या तिन्हींपैकी एकच काम आहे, दुसरं. तो इतरांना वगळतो. शंका दूर करायला, ठामपणा आणायला इंग्रजीकडे दुसरी माणसं आहेत: 'व्हेरी', 'राइट', 'जस्ट', 'हिमसेल्फ', आणि क्रियापदाला जोर देणारा 'डू'. आपण इंग्रजी बोलायला लागलो तेव्हा 'च'साठी एक शब्द हवा होता. दुसऱ्या कामापुरता 'ओन्ली' जुळला, मग पहिलं आणि तिसरं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. आणि तो शब्दाच्या मागे जाऊन बसला, कारण 'च' तिथेच बसतो. 'लेडीज ओन्ली', 'मेंबर्स ओन्ली' अशा पाट्यांमुळे ती मागची जागा इंग्रजीतही अनोळखी नव्हती. म्हणजे भारतीय 'ओन्ली' हा शिकताना राहून गेलेला दोष नाही. त्यात 'एव'चं अख्खं व्याकरण शाबूत आहे. क्लाउडिया लांगे यांच्यासारख्या भाषाभ्यासकांनी भारतीय इंग्रजीतल्या या 'ओन्ली'चा गंभीरपणे अभ्यास केला आहे, आणि ते योग्यच झालं.

तरीही मी हा 'ओन्ली' सगळीकडे वापरा असं म्हणणार नाही, कारण समोरच्याच्या कानात 'ओन्ली'चं एकच काम भरलेलं असतं. 'कम टुडे ओन्ली' असं आपण म्हणतो तेव्हा मनात 'आजच ये' असतं, पण लंडनच्या माणसाला ऐकू येतं: आज ये, पण उद्यापासून येऊ नकोस. 'द डॉक्टर ओन्ली टोल्ड मी टु टेक इट' याहून धोक्याचं. आपल्या मनात 'डॉक्टरांनीच सांगितलं', म्हणजे खुद्द त्यांनी. ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनी नुसतं तोंडी सांगितलं, लिहून काही दिलं नाही. इथे 'द डॉक्टर हिमसेल्फ' म्हणावं, किंवा 'इट वॉज द डॉक्टर हू' अशी सुरुवात करावी. 'तो असाच आहे'साठी 'ही इज जस्ट लाइक दॅट', 'इथेच'साठी 'राइट हिअर', 'याच दिवशी'साठी 'ऑन धिस व्हेरी डे', 'मी सांगितलंच होतं'साठी 'आय डिड टेल यू'. मराठी माणसाने इंग्रजी लिहिताना मनातल्या 'च'ला आधी विचारावं: तू माणसं वगळतोयस की शंका काढतोयस? माणसं वगळत असेल तर 'ओन्ली'. शंका काढत असेल तर बाकीच्यांपैकी कुणीतरी. घरात, मित्रांत, आपल्या माणसांच्या इंग्रजीत मात्र 'लाइक दॅट ओन्ली' बेलाशक म्हणावं. तिथे दोन्ही बाजूंना 'च' ऐकू येतो.

'ओन्ली'ची आणखी एक बाजू 'च'पेक्षा 'नुसता'च्या जवळची आहे. 'ही इज ओन्ली अ क्लार्क' या वाक्यात कुणाला वगळलेलं नाही. एक शिडी गृहीत धरली आहे आणि माणसाला तिच्या खालच्या पायरीवर उभं केलं आहे. या अर्थाचा वापर करताना जपावं, कारण शिडी कुठली हे बोलणारा ठरवतो आणि अपमान ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतो. हीच शिडी प्रेमानेही वापरता येते. दारावर टकटक झाली आणि आतून घाबरा आवाज आला तर इंग्रज म्हणतो, 'इट्स ओन्ली मी.' आपण म्हणतो, 'मीच आहे.' घाबरण्याजोगं कुणी नाही, एवढाच अर्थ. मुलाच्या बाबतीत तर तीन रूपं आहेत, आणि ती मिसळू नयेत. 'ॲन ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं एक. 'द ओन्ली चाइल्ड' म्हणजे त्या खोलीत, त्या गावात असलेलं एकमेव मूल. 'ओन्ली अ चाइल्ड' म्हणजे अजून लहान आहे, समजून घ्या. शब्द तेच दोन, उपपदाने आणि त्याच्या जागेने सगळं बदललं.

'मात्र'विषयी एकच निरीक्षण. संस्कृतात 'मात्र' म्हणजे केवळ, तेवढंच. मराठीत तो 'पण'च्या घरी राहायला गेला: सगळे आले, तो मात्र आला नाही. इंग्रजी 'ओन्ली'नेही हाच प्रवास केला आहे. 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव अ फीव्हर.' आलो असतो, पण ताप आहे. दोन्हीकडचा मार्ग समजण्यासारखा आहे. 'एवढं एक सोडलं तर' असं म्हणता म्हणता त्या 'एवढ्या'चाच 'पण' होतो. लिखित, औपचारिक इंग्रजीत हा 'ओन्ली' टाळावा. बोलताना तो गोड लागतो.

गणितात 'इफ अँड ओन्ली इफ' लागतं, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला 'जर आणि तरच' म्हणतात. 'च' तिथेही नेमक्या जागी, 'तर'ला चिकटून. हेच दोन शब्द उलट क्रमाने आले, 'इफ ओन्ली', की अट संपते आणि इच्छा सुरू होते. 'ओन्ली इफ ही कम्स' म्हणजे तो आला तरच. 'इफ ओन्ली ही केम' म्हणजे तो आला असता तर किती बरं झालं असतं. इथल्या 'ओन्ली'त मला शब्दाचा मूळ एकपणा पुन्हा दिसतो. जगाकडे मागण्यासारख्या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवून बोलणारा एकच गोष्ट मागतो. अनुवादांत याला 'जर फक्त तो आला असता' असं लिहिलेलं मी वारंवार वाचतो. ते वाक्य कुठल्याही मराठी घरात कुणी बोलणार नाही. मराठीत या 'ओन्ली'ला 'तेवढा' आणि 'एकदाचा' हे शब्द आहेत. 'तेवढा तो आला असता तर...' एवढं लिहून पुढे टिंबं द्यावीत. मराठीत ही इच्छा पूर्ण वाक्यात बोलतच नाहीत.